काळा पडलेला सिरॅमिक रॉड फेकू नका

सुऱ्यांना धार लावायचा पांढरा सिरॅमिक रॉड काळपट झाला, सुरी त्यावरून नुसती घसरायला लागली, की ठरलेला सल्ला मिळतो: ‘झिजला तो, नवा घ्या.’ नाहीतर ‘तेल लावा.’ दोन्ही चूक.

हे रॉड बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. माणिक आणि नीलमही त्याच पदार्थाचे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्‌स मापनावर तो ९, म्हणजे सुरीच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा झिजते ती सुरी, आणि तिचा बारीक कीस रॉडच्या खरखरीत पृष्ठभागात भरून बसतो. काळे दिसते ते पोलाद. तेलाने तर त्याचा चिकट लगदा होतो. रॉड कोरडाच वापरायचा.

सफाई सोपी आहे. रॉड ओला करा, भांडी घासायची खरखरीत पावडर टाका आणि हिरव्या घासणीने फिरवत घासा. करडे पाणी निघू लागते. ते स्वच्छ येईपर्यंत घासायचे, मग धुऊन पूर्ण वाळवायचे. हलक्या डागांना साधा खोडरबर पुरतो. तारेची घासणी मात्र नको, ती स्वतःच पोलादाची, म्हणजे आणखी पोलाद चोळल्यासारखेच.

रॉडचा खरा शत्रू म्हणजे फरशी. हातातून निसटला की तुकडे. पडून वाचलाच, तर त्यावरून नख फिरवून बघा. कुठे टवका उडालेला लागला, तर तो धारेला दाते पाडेल. असा रॉड मात्र खुशाल फेका.