संस्थेनं हायकोर्टात जायचं तर साधी रिट की जनहित याचिका?

सांगली-साताऱ्याकडं कुठल्याही प्रश्नावर चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "पीआयएल टाकूया," म्हणजे जनहित याचिका. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतंय, टाका पीआयएल. निवृत्त कर्मचाऱ्यांची थकबाकी अडकलीय, टाका पीआयएल. आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, आपले दोन्ही जिल्हे त्यात येतात, त्यामुळे मुंबईला खेपा घालायचं टेन्शन गेलं आणि संघटनांचा हुरूपही वाढलाय. हे चांगलंच आहे. पण वरच्या दोन प्रश्नांचे रस्ते वेगळे आहेत, आणि चुकीचा धरला तर मूळ मुद्द्यापर्यंत पोचायच्या आधीच याचिका फेटाळली जाते, हे मला मनापासून सांगायचंय.

गोंधळ होतो कारण साधी रिट आणि जनहित याचिका, दोन्ही घटनेच्या कलम २२६ खालीच जातात. दोन्हीत मागणी सरकारी निर्णय तपासा, रद्द करा, किंवा अधिकाऱ्याला काम करायला लावा अशीच असते. फरक पडतो तो पहिल्याच प्रश्नाला, "तुमचा यात संबंध काय?" वकील याला लोकस म्हणतात. साध्या रिटमध्ये संबंध दाखवावाच लागतो, माझा हक्क गेलाय, माझं नुकसान झालंय. जनहित याचिकेत उलटं, माझा यात खाजगी फायदा काही नाही हे दाखवावं लागतं. म्हणजे एकीकडं जी गोष्ट तुमची ताकद, तीच दुसरीकडं लपवलीत तर तुमच्यावर उलटते.

रिटच्या बाजूनं जसभाई देसाई, १९७६, ही केस बघा. गुजरातमधल्या एका थिएटरमालकानं शेजारी होणाऱ्या दुसऱ्या थिएटरच्या ना-हरकतीला आव्हान दिलं, म्हणणं एवढंच की माझा धंदा बसेल. सुप्रीम कोर्ट म्हणालं, धंद्यातली स्पर्धा म्हणजे कायदेशीर हक्काला धक्का नव्हे, आणि शिवाय हरकती मागवल्या होत्या तेव्हा तुम्ही गप्प बसला होता. हा दुसरा मुद्दा आपल्याकडच्या संघटनांनी भिंतीवर लिहून ठेवावा. ग्रामपंचायत, नगरपालिका, प्रदूषण मंडळाची जनसुनावणी, कुठंही हरकती मागवल्या की लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, नाहीतर पुढं कोर्ट विचारणार की तेव्हा कुठं होता?

आता संस्थेची खरी अडचण. थकबाकी सभासदांची अडकलीय, संस्थेची नाही, मग संस्थेचा संबंध काय? अलाहाबाद हायकोर्टाच्या फुल बेंचनं (मोठ्या खंडपीठानं) एका बाजार समितीच्या केसमध्ये साधारण असंच सांगितलं होतं की सभासदांच्या वैयक्तिक हक्कासाठी संघटनेनं एरवी रिट करायची नाही, सभासद इतके गरीब किंवा असहाय असतील की स्वतः येऊच शकत नाहीत, तर गोष्ट वेगळी. यावर साधा उपाय आहे आणि तो नकारा केसमध्ये दिसतो. पेन्शनच्या त्या गाजलेल्या केसमध्ये दोन निवृत्त माणसं याचिकाकर्ते होती आणि तिसरी याचिकाकर्ती 'कॉमन कॉज' ही नोंदणीकृत संस्था, आणि कोर्टानं संस्थेलाही उभं राहू दिलं. तर आपल्याकडच्या पेन्शनर संघटनेनंही दोन-चार बाधित सभासदांची नावं याचिकाकर्ते म्हणून सोबत घालावीत, मग लोकसवर वाद घालायला समोरच्याला फारसं काही उरत नाही. अशा विषयात पीआयएल मात्र करूच नका, नोकरीसंबंधीच्या प्रश्नात जनहित याचिका चालत नाही हे दुर्योधन साहू केसमध्ये १९९८ लाच ठरलंय.

आणि नोंदणी नाही म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, रेल्वेतल्या शोषित कर्मचारी संघाची नोंदणी नव्हती तरी सुप्रीम कोर्टानं त्यांची याचिका ऐकली, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तांत्रिक मुद्दा बाजूला सारला. तरीपण नोंदणी असेल तर प्रमाणपत्र आणि अमुक माणसाला सही करायचा अधिकार देणारा ठराव जोडाच, उगाच वाद कशाला.

जनहित याचिकेचं दार मोठं उघडलं ते एस. पी. गुप्ता केसमध्ये, ३० डिसेंबर १९८१. न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की गरिबी, असहायता यामुळं ज्यांना कोर्टाची पायरी चढता येत नाही त्यांच्यासाठी कुणीही प्रामाणिक नागरिक किंवा सामाजिक गट येऊ शकतो. लगेच १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी पीयूडीआर ही संघटना उभी राहिली, त्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं आणि संघटनेचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. मला वाटतं जनहित याचिका म्हणजे काय हे या केसइतकं दुसरीकडं कुठं स्पष्ट दिसत नाही.

पण मग दुरुपयोगही झाला, म्हणून २०१० च्या बलवंतसिंग चौफाल निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की याचिकाकर्ता कोण आहे, मागं खाजगी हेतू आहे का हे आधी तपासा आणि फालतू याचिकेला दणकून खर्च लावा. मुंबई हायकोर्टानंही त्याच वर्षी पीआयएलसाठी वेगळे नियम केले. तेव्हा ज्या ठेकेदाराविरुद्ध याचिका आहे त्याच्याशी संस्थेच्या अध्यक्षांचाच जुना वाद असेल तर तो पहिल्याच पानावर सांगा किंवा अध्यक्षांना बाजूला ठेवा.

मग शेरीनाला? नदीकाठच्या एखाद्याची विहीर खराब झाली, पीक गेलं, तर त्याची रिट. सगळ्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तर जनहित याचिका. आणि पर्यावरणाच्या विषयात तिसरा रस्ताही आहे, पुण्याचं हरित न्यायाधिकरण, तिथल्या कायद्याच्या कलम १८ मध्ये बाधित व्यक्तीसोबत प्रातिनिधिक संस्थेचंही नाव सरळ लिहिलेलं आहे, त्यामुळे लोकसची डोकेदुखी कमी. फक्त त्याच कायद्याच्या कलम १४ चा, म्हणजे पर्यावरणाचा वाद सोडवून मागणारा, अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा, सबळ कारण दिलं तर आणखी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, त्यापुढं माफी नाही.