तुमच्या ब्लिट्झ डावांचा अहवाल कसा वाचाल?

ऑनलाइन बुद्धिबळातल्या ब्लिट्झ (काही मिनिटांच्या घड्याळावर खेळल्या जाणाऱ्या) डावांची तपासणी आमच्याकडून करून घेणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. अहवाल हातात पडला की बहुतेक जण आधी अचूकतेचा टक्का बघतात, तो मित्राच्या टक्क्याशी ताडून पाहतात आणि फाइल बंद करतात. मग दिलेले पैसेही वाया आणि आमची मेहनतही. म्हणून अहवालात काय लिहिलेले असते, ते आम्ही कशावरून लिहितो आणि त्यातले काय मनावर घ्यायचे, हे इथे सांगितले आहे.

आम्हाला काय लागते

लिचेस किंवा चेस डॉट कॉम या साइटवरचे तुमचे युजरनेम, एवढेच. पासवर्ड आम्ही कधीही मागत नाही आणि आमच्या नावाने कुणी मागितला तरी देऊ नका. दोन्ही ठिकाणचे डाव कुणालाही बघता येतात, उतरवूनही घेता येतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक चालीपुढे घड्याळात किती वेळ उरला होता तेही नोंदलेले असते. आमचे निम्मे काम त्या नोंदीवरच चालते.

तपासणीसाठी आम्ही शेवटचे शंभर रेटेड (ज्यांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, बदलतो असे) डाव घेतो, पण सगळे एकाच वेळेचे. तीन मिनिटांचे (३+०) आणि तीन अधिक दोनचे (३+२, म्हणजे तीन मिनिटे आणि शिवाय दर चालीला दोन सेकंद) डाव एकत्र केले तर निष्कर्षाला अर्थ राहत नाही. हिशेब साधा आहे. डाव चाळीस चालींचा धरला तर ३+० मध्ये तुमच्या वाट्याला १८० सेकंद येतात, म्हणजे चालीमागे साडेचार. ३+२ मध्ये दर चालीला मिळणारे दोन सेकंद धरून २६० होतात, म्हणजे चालीमागे साडेसहा. कागदावर फरक दोनच सेकंदांचा, पण ३+२ मध्ये शेवटी हातात पाच सेकंद असताना जिंकलेला एंडगेम (थोडेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा) जिंकता येतो. ३+० मध्ये तोच डाव नुसत्या घड्याळावर जातो. दोन्ही खेळत असाल तर अहवाल कोणत्या प्रकाराचा हवा ते आधी कळवा.

आणखी एक. दोन साइटवरची रेटिंग एकमेकांशी ताडू नका. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो आणि तिथले आकडे साधारणपणे वरच असतात. लिचेसवर १८०० झालेला मुलगा चेस डॉट कॉमवर १५०० च्या आसपास अडकला, तर तो बिघडला असे नाही.

अचूकतेचा टक्का आणि घड्याळाचा रकाना

अचूकतेचा आकडा इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, काढते. प्रत्येक चालीनंतर तुमची जिंकण्याची शक्यता किती घसरली यावरून तो ठरतो. आता समजा तुम्ही एक हत्ती वर आहात आणि पुढच्या तीस चाली नुसते मोहरे इकडून तिकडे फिरवता आहात. शक्यता जवळपास हलत नाही, त्यामुळे टक्का मस्त दिसतो. उलट दोन्ही बाजूंनी तलवारी उपसलेला, गुंतागुंतीचा डाव उत्तम खेळूनही टक्का पडतो. म्हणून तो आकडा आम्ही अहवालात देतो खरा, पण शेवटच्या पानावर.

पहिल्या पानावर असतो घड्याळाचा रकाना. त्यात दिसते की तुम्ही वेळ कुठे घालवला आणि कुठे वाचवला. आम्हाला सर्वाधिक वेळा लिहावे लागणारे निरीक्षण असे: शेकडो वेळा खेळलेल्या ओपनिंगच्या (डावाच्या ठरीव सुरुवातीच्या) पहिल्या दहा चालींवर चाळीस सेकंद, आणि वजीर मारामारी करून (दोघांचेही वजीर पटावरून काढून) एंडगेममध्ये जायचे की नाही या एका निर्णयावर दोन सेकंद. डाव तिथेच फिरलेला असतो. खेळाडू मात्र सांगतो, ‘शेवटी टाइम ट्रबलमध्ये ब्लंडर झाला.’ ब्लंडर, म्हणजे घोडचूक, शेवटी झाला हे खरे, पण त्याची उधारी पहिल्या दहा चालींत चढली होती.

हात भरभर चालणे आणि वेळ नीट वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या अल्माटीतल्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन पहिल्याच फेरीला उशिरा पोचला. तीन मिनिटांपैकी घड्याळात जेमतेम अर्धे मिनिट उरले होते. दर चालीला दोन सेकंद मिळत होते, त्यावर तो व्लादिस्लाव कोवालेव्हविरुद्धचा डाव जिंकला आणि पुढे ती स्पर्धाही. त्या अर्ध्या मिनिटात त्याने काही नवा विचार केला नसणार. कोणत्या स्थितीत मोहरे कुठे हवेत हे त्याला आधीच ठाऊक होते. तुमच्या अहवालात ‘ओळखीची स्थिती’ आणि ‘अनोळखी स्थिती’ असे दोन शब्दप्रयोग वारंवार येतील, ते याच अर्थाने. ओळखीच्या स्थितीत तुम्ही किती सेकंद घेता आणि अनोळखीत किती, यांतले अंतर जितके जास्त तितके चांगले.

शैली

‘आक्रमक’, ‘बचावात्मक’ असले शिक्के आम्ही मारत नाही. ते राशिभविष्यासारखे कुणालाही लागू पडतात. त्याऐवजी मोजता येणाऱ्या गोष्टी लिहितो: वजीर साधारण कितव्या चालीपर्यंत पटावर राहतो, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) कोणत्या बाजूला आणि कधी, समोरच्याने मारामारी देऊ केली तर घेता की टाळता, जिंकलेल्या डावांत किती मात देऊन, किती समोरच्याने सोडले म्हणून आणि किती वेळेवर, म्हणजे समोरच्याचा वेळ संपला म्हणून. हरलेल्या डावांचीही अशीच फोड. ही शेवटची फोड नीट बघा. वेळेवर जिंकलेले डाव वेळेवर हरलेल्यांपेक्षा बरेच जास्त असतील, तर तुमची शैली घड्याळावर उभी आहे. त्यात गैर काही नाही. फक्त इन्क्रिमेंटच्या (दर चालीला जादा सेकंद मिळणाऱ्या) स्पर्धेत तीच शैली पांगळी पडेल, एवढे लक्षात ठेवा.

या खेळात ज्याच्या शैलीवर सर्वाधिक बोलले जाते तो हिकारू नाकामुरा. जन्म १९८७ चा, जपानमधला, वाढला अमेरिकेत. २००५ मध्ये एका रीतसर स्पर्धेत चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध त्याने ई४ ई५ (दोघांची राजापुढची प्यादी दोन घरे पुढे) नंतर दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणला. वर्गातल्या लहान मुलांना आपण हीच चाल खेळू नका म्हणून सांगतो! तो डाव नाकामुरा हरला, पण ८७ चालींनंतर. २००८ मध्ये रिब्का या तेव्हाच्या आघाडीच्या इंजिनला त्याने तीन मिनिटांच्या डावात २७१ चालींत हरवले. आधी पट पूर्ण बंद करून टाकला आणि मोहरे इकडून तिकडे फिरवत बसला. इंजिनला वाटत होते आपण वरचढ आहोत, त्यामुळे पन्नास चालींच्या नियमाने (इतक्या चालींत कुणी काही मारले नाही की प्यादे हलवले नाही तर) होणारी बरोबरी टाळायला त्याने स्वतःच आपला मोर्चा मोडला. पुढे नाकामुराने प्याद्यांचे वजीर करायचे सोडून मुद्दाम उंट केले, तो खोडसाळपणा वेगळा.

या दोन डावांत जे दिसते त्याला आमच्या अहवालात ‘प्रश्न टाकणारी चाल’ म्हटले आहे. सर्वोत्तम चाल असेलच असे नाही, पण समोरच्याला थांबून विचार करायला लावणारी. हरत आलेल्या डावात तुम्ही अशा चाली टाकता की मुकाट्याने एकेक प्यादे देत जाता, हे शंभर डावांत स्वच्छ दिसते.

जमेची बाजू

हा भाग लोक वाचतच नाहीत. वाचावा, कारण खेळायची वेळ आणि ओपनिंग निवडताना हाच उपयोगी पडतो. ऑनलाइन जगातल्या स्पीड चेस चॅम्पियनशिपच्या लढतीत अनेक वर्षे तीन टप्पे असत: आधी ५+१, मग ३+१, शेवटी १+१. नाकामुराने ती स्पर्धा २०१८ ते २०२२ सलग पाच वेळा जिंकली. २०२२ च्या अंतिम लढतीत त्याने कार्लसनवर आणि २०२३ मध्ये कार्लसनने त्याच्यावर मात केली ती दोन्ही वेळा एकेका गुणाने. इतक्या वरच्या खेळाडूंमध्येसुद्धा कोण कुठल्या टप्प्यात गुण कमावतो हे वेगवेगळे असते. कनिष्ठ गटातही अशीच स्पर्धा झाली. २०२१ च्या अंतिम लढतीत केरळच्या निहाल सरीनसमोर होता आपल्या नागपूरचा रौनक साधवानी. निहाल जिंकला. दोघांचे डाव शोधून बघा, एकाच वेगाने खेळणाऱ्या दोन खेळाडूंचे स्वभाव किती निराळे असू शकतात ते कळेल.

सुधारणा

इथे आम्ही दोनच गोष्टी लिहितो. दहा लिहिल्या तर एकही होत नाही.

प्रीमूव्ह (समोरच्याने खेळण्याआधीच आपली पुढची चाल टाकून ठेवणे) हा विषय जवळजवळ प्रत्येक अहवालात येतो. लिचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही आणि एका वेळी एकच टाकता येते. चेस डॉट कॉमवर एकापुढे एक रांग लावता येते, दर प्रीमूव्हला सेकंदाचा दहावा भाग जातो. समोरच्याने मारले तर परत मारायचे, किंवा शहातून सुटायला एकच घर आहे, अशा ठिकाणी प्रीमूव्ह बिनधास्त टाका. ओपनिंगमध्ये मात्र जपून. काळ्याकडून खेळताना समोरून काहीही आले तरी प्यादे जी६, मग उंट जी७ असे डोळे मिटून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांना पकडायला पांढरा पहिली चाल बी३ करतो. काळा जी६. पांढरा उंट बी२ वर, आणि तिथून त्याचा डोळा लांब कर्णावरून थेट एच८ च्या हत्तीवर. काळ्याचा प्रीमूव्ह आधीच पडलेला: उंट जी७. त्या उंटाला पाठबळ कुणाचेच नाही. पांढरा तो मारतो आणि लगेच हत्तीवर जातो. तिसऱ्या चालीला अख्खा डाव गेला, आणि वाचवले काय, तर एक सेकंद. तुमच्या डावांत असे किती वेळा झाले त्याची यादी आम्ही लिंकसह देतो.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे एंडगेममधले हात. वजीर-राजाने मात सर्वांत अडचणीच्या स्थितीतूनही दहा चालींत होते, हत्ती-राजाने सोळा चालींत. हे सगळ्यांना पाठ असते, पण घड्याळात बारा सेकंद उरलेले असताना हाताला पाठ नसते. आम्ही एवढाच सराव देतो: वजीर-राजा मात, दहा सेकंद, इन्क्रिमेंट नाही. आठवडाभर रोज थोडा वेळ. त्यानंतर हत्ती, वीस सेकंदांत.

नियमांतला एक फरकही माहीत असू द्या, त्यावरून तक्रारी येतात. तुमचा वेळ संपला, पटावर तुमचे एक प्यादे आहे आणि समोरच्याकडे राजा आणि फक्त घोडा. चेस डॉट कॉमवर ही बरोबरी. लिचेसवर तुम्ही हरता, कारण तुम्ही वेड्यासारखे खेळलात तर त्या घोड्याने मात होऊ शकते. साइट चुकलेली नाही. नियम लावायची पद्धत वेगळी आहे.

हरल्यावर लगेच ‘रीमॅच’ दाबायची सवय असेल तर तेही आकड्यांत दिसतेच. दोन पराभवांनंतर लगेच खेळलेले डाव आम्ही वेगळे काढतो. त्यांतला चालीमागचा सरासरी वेळ एरवीपेक्षा कमी निघाला तर रागात हात सुटतो आहे, हे सांगायला प्रशिक्षकही लागत नाही. फोनवर खेळणाऱ्यांसाठी एक शेवटची नोंद: बोट घसरून शेजारच्या घरात पडलेली चाल आम्ही ब्लंडरमध्ये धरत नाही, पण तिची संख्या देतो. ती फार असेल तर अभ्यासापेक्षा माउस घेणे स्वस्त पडेल.

पालकांसाठी

‘ब्लिट्झने खेळ बिघडतो ना?’ हा प्रश्न फोनवर हमखास येतो. नुसताच ब्लिट्झ खेळला तर बिघडतो, असे आमचे मत आहे. पण तो पूर्ण बंद करणेही शहाणपणाचे नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात बातुमीला दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि विजेतेपद रॅपिडच्या (कमी वेळेच्या डावांच्या) टायब्रेकवर ठरले. नागपूरच्या दिव्याने ते जिंकले. मोठ्या डावांची तयारी करणाऱ्यालाही कधी ना कधी घड्याळाशी दोन हात करावेच लागतात. मुलगा किंवा मुलगी पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ब्लिट्झच्या प्रत्येक तासामागे निदान तेवढाच वेळ लांब डाव आणि ते डाव पुन्हा मांडून बघणे, असे प्रमाण आम्ही सुचवतो.

जे आम्ही करत नाही

चालू डावात कोणतीही मदत करत नाही; विचारलेत तर पुढचे कामही घेणार नाही. अमुक महिन्यांत अमुक रेटिंग अशी हमी देत नाही. समोरचा इंजिन लावून खेळला का, याचा निवाडा देत नाही. तशी शंका असेल तर साइटवरच तक्रारीचे बटण आहे, ते वापरा.

दरपत्रक सोबत जोडले आहे. अहवालातल्या एखाद्या निरीक्षणावर शंका असेल तर डावाची लिंक आणि चालीचा क्रमांक लिहून पाठवा, उत्तर लेखी मिळेल. ‘तो परवाचा घोड्याचा डाव’ एवढ्यावर शंभर डावांत शोध लागत नाही.