विरघळलं म्हणजे पार गेलं असं नाही

गोळीत औषधाशिवाय जे जे असतं त्याला एक्सिपियंट म्हणतात, आणि 'निष्क्रिय' म्हणून सोडून देतात. हा शब्द मला पटत नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन या अपस्मारावरच्या औषधाच्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं गेलं. डोस तोच राहिला, पण अपस्माराच्या रुग्णांच्या रक्तात औषध जास्त पोचू लागलं आणि विषबाधेची लक्षणं दिसायला लागली.

आता हे पोचणं दोन टप्प्यांचं, आणि गल्लत तिथेच होते. आतड्यातल्या पाण्यात किती औषध विरघळतं ती विद्राव्यता. विरघळलेलं औषध आतड्याच्या अस्तरातून, म्हणजे पेशींच्या एकाच थरातून, किती वेगाने पलीकडे जातं ती पारगम्यता. १९९५ साली मांडलेल्या बीसीएस या औषधांच्या वर्गीकरणाचे चार गट या दोनच गुणांवर पडतात.

पॉलिसॉर्बेट ८० हा साबणासारखा वागणारा एक्सिपियंट घ्या. पाण्यात ते पुरेसं झालं की त्याचे रेणू गोळा होऊन मायसेल नावाचे बारीक गोळे बनतात आणि तेलकट स्वभावाचं औषध त्यांच्या पोटात जाऊन बसतं. गढूळ द्रावण नितळ होतं, आपण खूश. पण अस्तर ओलांडतो तो सुटा रेणू. सगळा डोस आधीच विरघळलेला असेल, तर जास्तीचं पॉलिसॉर्बेट सुटे रेणूच कमी करतं. औषधाचा रेणू आपल्या पोकळीत धरून ठेवणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्याचंही तेच. गंमत म्हणजे आत शिरलेलं औषध परत बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन या पंपाला हेच पॉलिसॉर्बेट प्रयोगशाळेत अडवतानाही दिसतं. कोणता परिणाम वरचढ ठरेल ते त्या त्या औषधावर.

सोडियम कॅप्रेट या एक्सिपियंटचं काम वेगळं: ते पेशींमधले घट्ट सांधे सैल करतं. हे तपासायला कॅको-२ पेशी (माणसाच्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या, अस्तरासारखा थर बनवणाऱ्या) फिल्टरवर साधारण २१ दिवस वाढवतात आणि थराचा विद्युतरोध मोजतात. कॅप्रेट घातलं की रोध उतरतो. धुऊन टाकल्यावर तो पुन्हा चढला तर सांधे उघडून मिटले असं धरायचं. चढलाच नाही, तर बहुधा पेशीच मेल्या. थरातून फिल्टरखाली जास्त औषध उतरलं एवढ्यावरून हा फरक कळत नाही.

तोंडाने घ्यायच्या सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाला अडचण विरघळण्याची नाही, एवढा मोठा रेणू पार न्यायची आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या त्या गोळीत औषध जेमतेम काही मिलिग्रॅम आणि स्नॅक (SNAC) हा औषधाला अस्तरापार नेणारा वाहक घटक तब्बल ३०० मिलिग्रॅम. तोही आतड्यात नव्हे, जठरातच काम करतो. एवढं करून रक्तात पोचतं ते डोसच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास.

सॉर्बिटॉल हा गोड एक्सिपियंट मात्र विद्राव्यता आणि पारगम्यता या दोन्हींत बसत नाही. ते आतड्यात पाणी ओढतं आणि सगळं भराभर पुढे ढकलतं. अस्तरातून हळू जाणारं रॅनिटिडिन हे आम्लपित्तावरचं औषध त्यामुळे कमी शोषलं जातं. चटकन पार होणाऱ्या मेटोप्रोलॉल या रक्तदाबावरच्या औषधाला फारसा फरक पडत नाही.