फुलपाखरू पाहायचं तर झाड धरा

जाळी घेऊन फुलपाखरामागे धावलं की पोरं दमतात, पंख फाटतात आणि हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा झाड धरावं. खान्देशात पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत अंगणातलं कागदी लिंबू त्यासाठी पुरेसं आहे.

कोवळ्या पालवीवर मिलिमीटरभराचं पिवळसर, गोल अंडं एकेकटं चिकटलेलं दिसतं. ते लिंबाळी फुलपाखराचं. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते. तिला पायांनी चव कळते, आणि पान लिंबाच्या कुळातलं निघालं तरच ती अंडं घालते.

तीन-चार दिवसांत अळी निघते. काळपट, मध्ये पांढरा डाग, हुबेहूब पाखराची शीट! “हाई काय शे?” म्हणत पोरं नाक मुरडतात. पक्षीही तिला तसंच टाळतात. चारदा कात टाकल्यावर मात्र ती हिरवीगार होते आणि पानांत दिसेनाशी होते. तेव्हा गवताच्या काडीनं तिला हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हा खेळ एकदाच करावा, उगाच छळू नये.

अळी बरणीत ठेवायची तर तोंडाला मलमलीचं कापड बांधा आणि रोज ताजी पानं द्या. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली असेल, तर तिथली पानं अजिबात नकोत. पोटभर खाऊन झालं की अळी काडीला चिकटते, रेशमाचा धागा कमरेभोवती घेते आणि कोष करते. कोष हिरवा होणार की तपकिरी, हे बरंचसं आजूबाजूवर ठरतं. एका बरणीत हिरवी फांदी, दुसरीत वाळकी काडी ठेवून पोरांना पैज लावू द्या. आठ-दहा दिवसांनी, थंडीत जरा उशिरा, चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर येतं. त्या वेळी लालसर थेंब पडले तर घाबरू नका, ते रक्त नाही. कोषात साठलेला मळ आहे तो.

शनिवारी मारुतीच्या हारासाठी रुईची पानं तोडताना ती उलटून पाहावीत. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. ती लपत नाही, कारण रुईच्या चिकातलं विष तिनं अंगात साठवलेलं असतं आणि भडक पट्टे हीच तिची ताकीद. चिकाचा हात मात्र डोळ्याला लागू देऊ नका.

आणि जळगावकडच्या घरात पिकून काळी पडलेली केळी कधी नसतात? थोडा गूळ घालून ती कुस्करा आणि झाडाच्या सावलीत ताटलीत ठेवा. फुलांकडे क्वचितच फिरकणारी काही फुलपाखरं असा आंबलेला रस प्यायला येतात. सोंड उलगडते कशी, हे तिथे अगदी जवळून दिसतं. फक्त ताटली पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर सगळं मुंग्याच फस्त करतील.