उलुरू : १९८३चा शब्द, २०१९ची बंदी

उलुरू हा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातला प्रचंड खडक. त्याची जमीन तिथल्या मूळ रहिवासी आनंगू लोकांना परत मिळाली, त्याला २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ४० वर्षं झाली. 'परत मिळाली' एवढं म्हणून बहुतेक लोक पुढे सरकतात. पण १९८५ साली त्या खडकाच्या पायथ्याशी कागदांची देवघेव दोनदा झाली होती. आधी मालकीचे कागद आनंगूंच्या हातात आले. मग त्याच समारंभात त्यांनी तीच जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं सरकारला दिली. हा पट्टा २०८४ साली संपेल. हे चोरून झालं नाही, अट आधीच घातलेली होती. ती कशी घातली गेली आणि तिच्याबरोबर काय काय गळालं, हे पाहिल्याशिवाय २०१९ची चढाईबंदी समजत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. १८७३ साली एका गोऱ्या मोजणीदारानं खडक पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका बड्या राजकारण्याचं नाव देऊन त्याला 'आयर्स रॉक' करून टाकलं. १९२०मध्ये हा भाग मूळ रहिवाशांसाठी राखीव झाला. १९३६पासून हौशी प्रवासी येऊ लागले, १९४८मध्ये गाडीवाट झाली, आणि पर्यटनाचा पैसा दिसू लागताच १९५८मध्ये खडक राखीव भागातून कापून काढून राष्ट्रीय उद्यान घोषित झाला. लगोलग खडकाला खेटून धावपट्टी आणि मोटेलं उभी राहिली. १९६४मध्ये चढणाऱ्यांना धरायला खडकात खांब ठोकून साखळी बसवली. ज्यांची जमीन, त्यांना यातलं काहीच विचारलं गेलं नाही.

१९७६मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी, म्हणजे उलुरू ज्या प्रांतात आहे त्यासाठी, मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काचा कायदा आला. त्याखाली आनंगूंनी दावा केला, तेव्हा कायद्याची गंमत कळली. आजूबाजूची जमीन मागता येत होती, उद्यानाची नाही, कारण ती उद्यान म्हणून आधीच सरकारी खात्याच्या नावावर चढली होती. परंपरेनं ही जमीन कोणाची, याबद्दल सुनावणीत शंका उरली नाही, तरी ती देता येईना. म्हणजे आधी जमीन उद्यानात घालायची आणि मग उद्यान आहे म्हणून परत द्यायची नाही. आपल्याकडे अभयारण्याच्या हद्दीत गाव सापडलेल्या कुणालाही हा फेरा नवा वाटणार नाही.

कायदाच बदलायला हवा होता, आणि ११ नोव्हेंबर १९८३ रोजी त्या वेळच्या पंतप्रधानांनी तशी घोषणा केली. आनंगूंबरोबर दहा कलमं ठरली होती. त्यातली दोन इथे महत्त्वाची : खडकावर चढणं बंद होईल, आणि उद्यानाचा भाडेपट्टा ५० वर्षांचा असेल. पुढच्या दोन वर्षांत दोन्ही मोडली. पट्टा ९९ वर्षांचा झाला आणि चढण चालू ठेवायची असं ठरलं. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारचा हस्तांतरालाच कडाडून विरोध होता. पर्यटन व्यवसायाला वाटत होतं, चढता येणार नसेल तर एवढ्या लांब वाळवंटात येईल कोण? समारंभाच्या दिवशी डोक्यावरून एक छोटं विमान 'आयर्स रॉक सगळ्या ऑस्ट्रेलियनांचा' असा फलक फडकवत गेलं. समोर पर्याय उरला होता तो बदललेल्या अटींसह जमीन घेण्याचा किंवा पुन्हा वाट पाहण्याचा. आनंगूंनी जमीन घेतली.

त्या तडजोडीला नावं ठेवणं आज सोपं आहे. पण पट्ट्यातून त्यांना काही ठोस मिळालं, हेही खरं. वार्षिक भाडं आणि प्रवेश शुल्काचा वाटा ठरला. व्यवस्थापन मंडळात बहुमत आनंगूंचं, आजच्या १२ जागांपैकी ८ त्यांच्या. मुख्य म्हणजे कारभारात त्यांचं ज्ञान आलं. १९७६च्या वणव्यांत उद्यानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जळाला होता. आनंगू पिढ्यान्‌पिढ्या थंडीच्या दिवसांत जमिनीचे छोटे छोटे तुकडे पेटवत आले होते. त्यामुळे वाळलेलं गवत साठत नसे आणि उन्हाळ्यातली आग पसरत नसे. त्यांना तिथून हुसकल्यावर ही जाळणी थांबली होती. ती उद्यानाच्या कामाचा भाग म्हणून पुन्हा सुरू झाली.

चढणीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. इथे आपली भाषाही अडचणीत आणते. मराठीत 'चढाई' डोंगरावर होते तशी शत्रूवरही होते, आणि गड आपण 'सर' करतो. उलुरूच्या बातम्यांमध्ये हा शब्द सहज वापरला गेला, आणि नकळत नेमका बसला. आनंगूंच्या लेखी पर्यटकांची वाट ही त्यांच्या सृष्टिकथेतल्या 'माला' नावाच्या पूर्वजांनी उलुरूला आल्यावर धरलेली वाट आहे. तिचा संबंध पुरुषांच्या विधींशी आहे आणि त्याबद्दल बाहेरच्यांना फार सांगता येत नाही. या सगळ्याचा पाया म्हणजे चुकुर्पा. इंग्रजीतून आलेला 'स्वप्नकाळ' हा शब्द त्याला अगदीच तोकडा पडतो. चुकुर्पात सृष्टीची कथा आहे, वागण्याचा कायदा आहे आणि कुठे पाणी सापडेल याची माहितीही आहे, आणि हे सगळं आजही लागू आहे. झोपेत पडलेल्या स्वप्नाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरं कारण जास्त साधं आहे. घरी आलेल्या पाहुण्याला इजा झाली तर दोष यजमानाला लागतो. त्या चढणीवर आजवर ३७ जणांचा जीव गेला. उष्मा, हृदयविकार, निसटलेला पाय. प्रत्येक मृत्यूचं दुःख आनंगूंनी आपलं मानलं. 'मालक' या शब्दापेक्षा कोकण-गोव्याकडचा 'राखणदार' त्यांच्या भूमिकेच्या जवळ जातो. सिडनी-मेलबर्नच्या मराठी मंडळींनी सभेच्या सुरुवातीला भूमीच्या मूळ राखणदारांना वंदन करणारी दोन वाक्यं अनेकदा ऐकली असतील. तिथेही शब्द मालकीचा नसतो, राखणीचा असतो.

तरी पुढची कित्येक वर्षं बंदी न घालता विनंतीवरच भागवलं गेलं. पायथ्याला फलक होता : आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका. शेजारी फाटक उघडं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघडलेला काळ वाटतो. जमीन तुमची, श्रद्धा तुमची, पण ती पाळायची की नाही हे पाहुणा ठरवणार. नव्वदच्या दशकात चार पाहुण्यांपैकी साधारण तिघे चढत होते. खडकाच्या अंगावर रांगेनं सरकणाऱ्या या लोकांना आनंगू 'मिंगा' म्हणत, म्हणजे मुंग्या.

२०१०च्या व्यवस्थापन आराखड्यात शेवटी बंदीच्या अटी लिहिल्या गेल्या. चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांखाली गेलं, किंवा पाहुण्यांसाठी पुरेसे नवे उपक्रम उभे राहिले, किंवा लोक मुख्यतः तिथली संस्कृती आणि निसर्ग पाहायलाच येऊ लागले, तर चढण कायमची बंद. बाहेर चर्चा झाली ती फक्त २० टक्क्यांची. हा आकडा तडजोडीचा आहे आणि तो तसाच वाचायला हवा. आनंगूंच्या इच्छेला वजन केव्हा येणार, तर पाहुण्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी ती आपणहून मानल्यावर. देवळात चपला घालून यायला मनाई करण्याआधी किती लोक आपणहून चपला काढतात याची मोजदाद कुणी करत नाही. पण आराखडा मंजूर झाला तो याच रूपात. २०१५पर्यंत प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मंडळानं एकमतानं बंदी ठरवली आणि अमलाची तारीख निवडली २६ ऑक्टोबर २०१९, हस्तांतराचा ३४वा वर्धापनदिन.

मधल्या दोन वर्षांत उलटच झालं. 'बंद होण्याआधी एकदा' म्हणत गर्दी उसळली. २५ ऑक्टोबर २०१९ला, शेवटच्या दिवशी, सकाळी वाऱ्यामुळे फाटक बंद होतं. शेकडो माणसं रांगेत ताटकळली, वारा पडल्यावर वर गेली. पुढे साखळी आणि खांब काढून टाकले. लाखो पावलांनी घासून पडलेला फिकट पट्टा खडकावर आहे तसाच आहे.

चढण गेली तरी उद्यानात करायला काही उरलं नाही, अशी तक्रार फार टिकली नाही. खडकाभोवतीची वाट १०.६ किलोमीटरची आहे. वनरक्षक 'माला' वाटेवरून विनामूल्य फिरवून आणतात आणि सांगण्याजोगं तेवढंच सांगतात. काही जागांचे फोटो काढू नयेत असं सांगणारे फलक आहेत. सांस्कृतिक केंद्र १९९५पासून आहे. पूर्वी इथून खिशात घालून नेलेले खडे लोक टपालानं परत पाठवतात, बऱ्याचदा माफीच्या चिठ्ठीसह. नेमका कुठून उचलला हे कळत नसल्यानं खडा मूळ जागी ठेवता येत नाही.

जागतिक वारशाच्या यादीतही असाच उशीर आहे. १९८७मध्ये उलुरूची नोंद झाली ती निसर्गासाठी. माणसांसकटचा सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून दुसरी नोंद १९९४ची. नावाची गोष्टही तशीच. १९९३मध्ये अधिकृत नाव जोडनाव झालं, 'आयर्स रॉक / उलुरू'. २००२मध्ये क्रम उलटला, 'उलुरू / आयर्स रॉक'. क्रम बदलायची मागणी त्याच प्रांतातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहरातल्या पर्यटन व्यावसायिकांकडून आली होती, हे वाचून मला हसू आलं होतं. एकेकाळी चढण बंद झाली तर धंदा बसेल, अशी भीती याच व्यवसायाला होती. विमानाचं तिकीट काढायला गेलात तर मात्र जुनं नाव भेटतंच, कारण तिथला विमानतळ अजून 'आयर्स रॉक एअरपोर्ट' आहे.