टेक्ससमधलं अर्ली कॉलेज हायस्कूल: अर्ज करण्याआधी पालकांनी काय जाणून घ्यावं

मूल आठवीत असलं की साधारण दिवाळीच्या आगेमागे स्कूल डिस्ट्रिक्टकडून (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून) पालकांना ईमेल येते: अर्ली कॉलेज हायस्कूलची माहितीसभा अमुक दिवशी, संध्याकाळी. नाव ऐकून आपल्यातल्या काहींना वाटतं, ही हुशार मुलांची खास शाळा असणार, प्रवेशपरीक्षा असणार, आतापासून क्लास लावायला हवा. काहींना वाटतं, ही मागे पडणाऱ्या मुलांची सोय आहे, आपल्याला काय करायची. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यामुळे एकीकडे अर्ज न करता संधी जाते आणि दुसरीकडे काही मुलं पुरेसा विचार न करता आत जातात. टेक्ससचे नियम इतर राज्यांपेक्षा वेगळे आहेत, म्हणून इथे फक्त टेक्ससपुरतंच लिहितो.

नववी ते बारावी ही चार वर्षं मूल हायस्कूलमध्येच असतं, पण सोबत जोडलेल्या कॉलेजचे विषयही घेतं. राज्याच्या शिक्षण कायद्याच्या कलम २९.९०८ प्रमाणे शाळेची आखणी अशी असावी लागते, की हायस्कूलच्या पहिल्या दिवसापासून पाच वर्षांच्या आत मुलाच्या हाती हायस्कूल डिप्लोमा आणि असोसिएट डिग्री (कॉलेजची दोन वर्षांची पदवी), किंवा बॅचलर्सच्या (चार वर्षांच्या पदवीच्या) दिशेने किमान ६० क्रेडिट तास (कॉलेजचा अभ्यास मोजायचं माप) पडतील. बहुतेक शाळा हे चार वर्षांतच बसवतात. ह्यूस्टनचं चॅलेंज अर्ली कॉलेज हायस्कूल ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजबरोबर चालतं, डॅलसचं ट्रिनी गार्झा डॅलस कॉलेजच्या माउंटन व्ह्यू कॅम्पसवर भरतं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या हिडाल्गो गावात तर सबंध हायस्कूलच अर्ली कॉलेज आहे.

कॉलेजची ट्यूशन, फी आणि लागणारी पुस्तकं यांचे पैसे विद्यार्थ्याकडून घेता येत नाहीत. मात्र शाळेच्या नावात ‘कॉलेजिएट’ किंवा ‘अकॅडमी’ असलं म्हणजे ती अर्ली कॉलेज असतेच असं नाही. टेक्सस एज्युकेशन एजन्सी दर वर्षी मान्यताप्राप्त शाळांची यादी जाहीर करते. आपल्या शाळेचं नाव त्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

कोण अर्ज करू शकतं

प्रवेशासाठी शाळेला मुलाचे गुण, राज्याच्या स्टार परीक्षेचे निकाल, शिक्षकांची शिफारस किंवा वागणुकीचा रेकॉर्ड हे निकष लावता येत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी निघते. म्हणजे गणितात बी किंवा सी मिळवणाऱ्या मुलानेही बिनधास्त अर्ज करावा. उलट सगळे ए असणाऱ्या मुलाची जागा पक्की आहे, असंही धरून चालू नये.

ही लॉटरी काही ठिकाणी भारित असते. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजला गेलेलं नाही, ज्यांचं उत्पन्न कमी आहे, जी मुलं अजून इंग्रजी शिकत आहेत, त्यांच्या नावाला जास्त वजन मिळतं. ही शाळा मुळात त्यांच्यासाठीच उभी राहिली. २००२ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या मदतीने अर्ली कॉलेजची चळवळ देशभर पसरली, तेव्हाही उद्देश हाच होता. आईवडील दोघंही इंजिनिअर असलेल्या घरातल्या मुलाची शक्यता त्यामुळे थोडी कमी होत असेल, तर ते मला योग्यच वाटतं. अर्ज करायला मात्र कोणालाच मनाई नाही. फक्त अर्जातल्या ‘पालकांचं शिक्षण’ या रकान्यात खरं तेच लिहावं. भारतातली पदवी ही पदवीच असते.

व्हिसाचा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेलं मूल सरकारी शाळेत शिकू शकतं आणि अर्ली कॉलेज ही सरकारी शाळाच आहे. इमिग्रेशन स्टेटसवरून सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा निकाल टेक्ससमधल्याच टायलर गावच्या खटल्यातला आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर शाळा मुलाला राज्याचा पर्यायी क्रमांक देते. नंबर नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका.

कागदपत्रं

मूल आधीपासून त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकत असेल तर फारसं काही लागत नाही: ऑनलाइन अर्ज, पालकांची सही, राहत्या पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी भाडेकरार किंवा वीज-पाण्याचं बिल चालतं. नुकतेच भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना मात्र ओळखीचा पुरावा, आधीच्या शाळेचा रेकॉर्ड आणि लसीकरणाचा रेकॉर्ड द्यावा लागतो. जन्मदाखला मराठीत असेल तर भाषांतराच्या मागे धावण्याआधी पासपोर्ट चालेल का ते विचारा, बहुधा चालतो. ओळखीचा पुरावा आणि आधीचा रेकॉर्ड देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे निकालपत्र पुण्याहून यायचं आहे म्हणून नावनोंदणी लांबवायची गरज नाही.

खरी अडचण येते ती लसीकरणाच्या कार्डाशी. भारतातल्या कार्डावर आधी दिवस आणि मग महिना असतो, इथे उलटं. ०५/०८ ही तारीख नर्स ८ मे अशी वाचते आणि दोन डोसांमधलं अंतर चुकतं. म्हणून कार्डाची झेरॉक्स देताना सोबत महिन्याचं नाव अक्षरी लिहिलेली यादी जोडा. दुसरं म्हणजे गोवराची लस. आपल्याकडे तिचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, टेक्ससमध्ये पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेलाच डोस धरतात. कार्डावर दोन डोस दिसत असूनही शाळा एक कमी असल्याचं सांगते ते यामुळे. भांडू नका, डॉक्टरांकडून राहिलेला डोस घेऊन टाका. सातवीपासून मेनिंगोकोकल लसही लागते. पुढे प्रत्यक्ष कॉलेजच्या कॅम्पसवर वर्ग सुरू झाले की कॉलेज तिचा पुरावा वेगळा मागू शकतं: मागच्या पाच वर्षांत घेतलेली आणि सत्र सुरू होण्याआधी किमान १० दिवस.

डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्यांदा नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, हे विचारणारा एक फॉर्म असतो. मराठी लिहिलं तर मुलाला इंग्रजीची चाचणी द्यावी लागते, म्हणून काहीजण इंग्रजी लिहून मोकळे होतात. असं करू नये. चाचणीने मुलाचं काही नुकसान होत नाही आणि मदतीची गरज असेल तर ती वेळेवर मिळते.

आता नावाबद्दल, कारण आपल्या घरांत हा घोळ हमखास होतो. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन्ही नावं ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र येतात. शाळेत मुलाचं एकच नाव लागतं, कॉलेजच्या अर्जात पालक पासपोर्टप्रमाणे दोन्ही भरतात, आणि प्लेसमेंटची (कॉलेजचे विषय घेण्याआधीची) परीक्षा मूल तिसऱ्याच पद्धतीने नाव टाकून देतं. मग कॉलेजच्या संगणकाला एकाच मुलाचे दोन विद्यार्थी दिसतात आणि निकाल जुळत नाहीत. पहिल्या दिवशीच शाळेच्या रजिस्ट्रारला विचारून एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा, जन्मतारखेसकट.

निवड झाल्यावर

लॉटरीत नाव लागल्याचं पत्र आलं की ठरलेल्या तारखेच्या आत होकार कळवावा लागतो. ती तारीख चुकली तर जागा पुढच्याला जाते. उन्हाळ्यात बहुतेक शाळा ‘समर ब्रिज’ नावाचा छोटा वर्ग घेतात. उन्हाळ्यात भारतात जायची तिकिटं काढण्याआधी त्याच्या तारखा बघून घ्या.

शाळेत शिरायला परीक्षा नसली तरी कॉलेजचे विषय घ्यायला आहे. तिचं नाव टीएसआयए-२, विषय गणित आणि इंग्रजी वाचन-लेखन. गणितात ९५० आणि इंग्रजीत ९४५, शिवाय निबंधात ८ पैकी किमान ५ मिळाले की मूल कॉलेजसाठी तयार मानलं जातं. थोडे कमी पडले तरी पुढच्या निदान-चाचणीतून पार होता येतं, आणि परीक्षा पुन्हाही देता येते. परीक्षेआधी एक ऑनलाइन पूर्वतयारी पूर्ण करणं सक्तीचं आहे. ती न करता गेलेल्या मुलाला परीक्षेला बसता येत नाही. एसएटीमध्ये इंग्रजीत ४८० आणि गणितात ५३० असतील तर सूट मिळते, पण नववीतल्या मुलांकडे ते गुण क्वचितच असतात.

यानंतर कॉलेजचा स्वतंत्र अर्ज, अप्लायटेक्ससवर (कॉलेजप्रवेशाच्या राज्यव्यापी ऑनलाइन अर्जावर) किंवा कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर, आणि ड्युअल क्रेडिटसाठी, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरल्या जाणाऱ्या विषयांसाठी, पालकांचं संमतिपत्र. अर्जातले रहिवासाचे प्रश्न व्हिसाच्या कागदांशी जुळतील असेच भरा. हीच माहिती पुढे युनिव्हर्सिटीच्या वेळी कामी येते.

जे माहितीसभेत घाईघाईत सांगितलं जातं

चौदा-पंधरा वर्षांचं मूल कॉलेजच्या वर्गात बसलं की त्या वर्गाच्या रेकॉर्डवरचा कायदेशीर हक्क त्या मुलाकडे जातो. विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा केंद्राचा फर्पा हा कायदा वय बघत नाही, कॉलेजमधली नोंदणी बघतो. प्रोफेसरांना ईमेल करून ‘आमच्या मुलीचं कसं चाललंय’ विचारलं तर ते नम्रपणे उत्तर नाकारतील. हायस्कूलच्या रेकॉर्डवरचा पालकांचा हक्क मात्र कायम राहतो आणि कॉलेजकडून हायस्कूलकडे आलेले गुण तिथे बघता येतात. त्यामुळे चौकशी करायची ती हायस्कूलच्या काउन्सेलरकडे. कॉलेजची ईमेल मुलाच्या कॉलेज खात्यावर येते, आणि मुलं ती उघडतच नाहीत. आठवड्यातून एकदा शेजारी बसून ती सोबत वाचायची सवय लावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कॉलेजचा गुण कायमचा असतो. नववी-दहावीत मिळालेला डी किंवा एफ कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) राहतो. पुढे कुठल्याही युनिव्हर्सिटीला अर्ज करताना तो दाखवावा लागतो, आणि सरकारी आर्थिक मदत टिकवण्यासाठी जी प्रगती मोजतात त्यातही तो धरला जातो. सोळा आठवड्यांच्या सत्रात बाराव्या दिवसापर्यंत विषय सोडला तर नोंद राहत नाही. त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत सोडला तर डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) येतो, आणि एफपेक्षा डब्ल्यू केव्हाही बरा. या दोन्ही तारखा दर सत्राला कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असतात, त्या फ्रिजवर लावाव्यात. मूल ‘जमेल’ म्हणत असताना त्याला विषय सोडायला सांगणं आपल्या लोकांना फार जड जातं, पण कधीकधी तेच हिताचं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ६० तास झाले की बॅचलर्सची दोन वर्षं वाचली, हा हिशोब. वाचतात, पण विषय जुळले तर. टेक्ससमधल्या विषयांचे क्रमांक समजून घ्या. हिस्टरी १३०१ मधला पहिला आकडा पहिल्या वर्षाची पातळी सांगतो, दुसरा ३ म्हणजे तीन क्रेडिट तास. ४२ तासांचा कोअर (पदवीसाठी सगळ्यांना लागणारा मूलभूत) अभ्यासक्रम पूर्ण केला तर राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटींना तो पूर्ण मानावा लागतो. पण इंजिनिअरिंगला जायचं असेल तर मॅथ १३१४, म्हणजे कॉलेज अल्जिब्रा, डिग्रीत धरला जात नाही. तिथे सुरुवातच मॅथ २४१३ या कॅल्क्युलसने होते आणि फिजिक्स २४२५ लागतं. शाळा हे दोन विषय देते का, हा प्रश्न सभेत हात वर करून विचारा. राज्याबाहेरच्या आणि खासगी युनिव्हर्सिटींचं आणखी वेगळं असतं. हायस्कूल डिप्लोमासाठी वापरलेलं क्रेडिट त्यातल्या अनेक जणी पुन्हा मोजत नाहीत.

वर्गातल्या क्रमांकाचंही विचारा. यूटी ऑस्टिनचा (ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससचा) आपोआप प्रवेश २०२६ च्या फॉलपासून वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांपुरताच आहे. अर्ली कॉलेजची तुकडी लहान असली तर ५ टक्के म्हणजे मोजकीच मुलं. काही डिस्ट्रिक्ट ड्युअल क्रेडिटला एपीइतकं (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या विषयांइतकं) वजन देतात, काही देत नाहीत. मुलाला बँड किंवा फुटबॉल प्रिय असेल तर तेही आधी बोला, कारण स्वतंत्र अर्ली कॉलेजमध्ये बऱ्याचदा स्वतःचा संघ नसतो.

एच-४ वरच्या घरांसाठी आणखी एक हिशोब आहे. २१ वर्षं पूर्ण झाली की मुलाचं एच-४ संपतं आणि एच-४ वर फेडरल आर्थिक मदत मिळत नाही. फुकट मिळणारे ६० तास आणि विसाव्या वर्षी पदवीच्या जवळ असणं याला अशा घरात खूप मोल आहे. मला विचाराल तर अशा मुलासाठी अर्ज जरूर करावा, विषय जुळतात एवढं तपासून.

लॉटरीत नाव लागलं नाही तर प्रतीक्षायादीत नाव राहू द्या. ऑगस्टपर्यंत जागा रिकाम्या होतात. बहुतेक शाळा नववीतच प्रवेश देतात, काही दहावीतही. तेही नाही झालं तर नेहमीच्या हायस्कूलमधूनही ड्युअल क्रेडिट घेता येतं. आणि मूल त्या वर्षी किंवा आधीच्या चार शालेय वर्षांत मोफत वा सवलतीच्या जेवणासाठी पात्र ठरलं असेल, तर २०२३ च्या कायद्याने सुरू झालेल्या फास्ट योजनेत सहभागी कॉलेजांमध्ये त्याचे पैसे लागत नाहीत. त्यासाठी काउन्सेलरला दहावीच्या वसंत सत्रातच भेटा.