रेड वाइन आणि सालीचा हिशेब

द्राक्षाचे भाव पडले की मराठवाड्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, "एवढा माल मातीमोल विकण्यापेक्षा वाइन का काढत नाहीत?" जालन्याचं कडवंची असो, औसा असो की तुळजापूर-नळदुर्गचा पट्टा, थॉमसन-सोनाका या खायच्या द्राक्षांच्या बागा बघून हा प्रश्न पडणारच. रेड वाइनपुरतं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. ते ‘नाही’ कुठून आलं हे एकदा कळलं, की चांगली बाटली निवडायची कशी याचाही अर्धा उलगडा होतो.

रेड वाइनचा रंग रसात नसतोच. काळ्या द्राक्षाचा मणी सोलून पिळला तर बहुतेक जातींचा रस पांढुरका निघतो. रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत. म्हणून रेडसाठी रस, साल आणि बिया एकत्र आंबवतात. थॉमसन हिरवं आणि बिनबियांचं, म्हणजे दोन्हीकडून खडखडाट. पण शरद सीडलेस तर काळं असतं ना? असतं, आणि तिथे भूमिती आडवी येते.

निर्यातीला 18 मिलिमीटरच्या पुढचा मणी लागतो, म्हणून शेतकरी विरळणी करतो, जीए (मणी वाढवणारं जिबरेलिक आम्ल) देतो, फुगवण साधतो. वाइनच्या कॅबर्ने सोव्हिन्यों जातीचा मणी जेमतेम 12 मिलिमीटरचा. मणी गोल धरला तर व्यास 12 वरून 18 झाल्यावर सालीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, पण रस होतो जवळजवळ 3.4 पट. म्हणजे लिटरभर रसामागे साल एक तृतीयांशाने कमी! वर खायच्या द्राक्षाची साल मुद्दाम पातळ ठेवलेली असते. खाणाऱ्याला जे हवं, नेमकं तेच वाइन करणाऱ्याला नको असतं.

उत्पादनाचंही तसंच. आपल्याकडे एकरी दहा टन म्हणजे बरी बाग. इटलीतल्या बारोलो या नामांकित प्रदेशात हेक्टरी 8 टनांच्या वर द्राक्ष काढायला नियमानेच मनाई आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन. तिथे वाइन 38 महिने मुरल्याशिवाय बाजारात येत नाही आणि त्यातले 18 महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. किंमत चढते ती बरीचशी इथे.

आता माझा आवडता भाग, तुरटपणा. तुरट ही जिभेवरची चव म्हणण्यापेक्षा स्पर्श आहे. लाळेत प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली प्रथिनं असतात आणि त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. वाइनमधले टॅनिनचे, म्हणजे साल-बियांतून आलेल्या तुरट द्रव्याचे, रेणू या प्रथिनांना चिकटतात, गुठळ्या होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. तरवडाच्या किंवा बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेव्हा हेच घडतं. कातड्यातल्या कोलॅजेनमध्येही प्रोलिन ठासून भरलेलं असतं आणि सालीतलं टॅनिन त्याला धरून बसतं. मटणाबरोबर तुरट वाइन मऊ लागते, कारण टॅनिनला चिकटायला मांसातली प्रथिनं मिळतात आणि लाळेची थोडी सुटका होते. तिखटजाळ रस्सा असेल तर मात्र कमी अल्कोहोलची, कमी तुरट, गामे जातीच्या द्राक्षाची, फ्रान्समधल्या बोजोलेसारखी वाइन बरी. तिखटाची आग ओळखणाऱ्या चेतातंतूंना अल्कोहोल आणखी चेतवतं.

रंगाचं काम वेगळ्या रेणूंचं, अँथोसायनिनचं. जांभळाच्या रसात खायचा सोडा टाकून बघा, रंग निळसर-हिरवट होतो. तोच हा रेणू, आम्लता बदलली की रंग बदलणारा. वाइनचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 3.5. तिथे सुट्या अँथोसायनिनचा थोडाच हिस्सा लाल असतो, उरलेला पाण्याचा रेणू जोडून घेऊन रंगहीन होऊन बसलेला. पिंपाच्या लाकडातून झिरपणारा ऑक्सिजन अल्कोहोलपासून किंचित अॅसिटाल्डिहाइड बनवतो, त्याच्या पुलावरून अँथोसायनिन आणि टॅनिन जोडले जातात आणि हा जोड रंग टिकवतो. पुढे साखळ्या लांबल्या की काही तळाशी बसतात. जुन्या बाटलीतला गाळ बराचसा हाच, त्याला भेसळ समजून नाक मुरडू नये.

म्हणून "गडद तेवढी कडक" हा समज चुकीचा. बारोलो ज्यापासून बनते त्या नेब्बियोलो द्राक्षातली रंगद्रव्यं लवकर ऑक्सिडाइझ होतात. पेल्यात ती विटकरी-फिकट दिसते आणि तोंडात मात्र जबडा आवळते. रंग तज्ज्ञांनाही चकवतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्डोतल्या एका प्रयोगात व्हाइट वाइनला लाल रंग देऊन वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं!

मग भरवसा कशावर ठेवायचा? वाइन बनवणाऱ्यावर, आणि छोट्या उत्पादकाचं महत्त्वही इथेच. फ्रान्समधल्या बर्गंडीत क्लो द वूजो नावाचा सुमारे 50 हेक्टरचा एकच मळा ऐंशीएक मालकांत वाटलेला आहे. लेबलवर मळ्याचं नाव तेच, पण कोणी वेल मोकाट वाढू देतो, कोणी घड कमी ठेवतो, बी तपकिरी झाली का ते चावून बघतो आणि मगच तोडणी काढतो. त्यामुळे मळ्याइतकंच, किंबहुना जास्त, माणसाचं नाव वाचावं. छोटा म्हणजे चांगलाच असं मात्र नाही, आळशी छोटेही पुष्कळ आहेत.

"रेड वाइन हृदयाला चांगली" हे 1991 च्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमापासून फोफावलेलं पालुपद आहे. ज्याच्या नावाने ते गातात ते रेझ्व्हेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं, प्रयोगात मात्र शेकडो मिलिग्रॅम देतात. अल्कोहोलची निर्धोक पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं. औषध म्हणून कोणी विकत असेल तर तिथून उठावं.

आणि "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी" हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा. मे महिन्यातल्या लातूरच्या खोलीत अल्कोहोलची वाफच आधी नाकात जाते. वाइनचं तापमान 16 ते 18 अंश हवं, म्हणून पिण्याआधी दोनेक तास फ्रिजमध्ये ठेवावी. त्याहून मोठी अडचण साठवणुकीची. चाळीस अंशांच्या वर तापलेल्या दुकानात महिनोन्‌महिने उभी राहिलेली बारोलोची बाटली घेण्यापेक्षा, एसीतल्या दुकानातली नाशिकची यंदाची साधी शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) घ्यावी.